लॉन चेनी: वेदनेच्या दंतकथेचा प्रतिवाद

अमेरिकन मूकपटांतील चरित्र अभिनेता लॉन चेनी याच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. वर ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या १९२५ सालच्या चित्रपटातला त्याचा कवटीसारखा चेहरा आणि खाली आठ-दहा ओळी, असे त्याचे स्वरूप असते. त्या ओळींचा गोषवारा असा: चेनीचे आईवडील कर्णबधिर होते, त्यामुळे तो शब्दांविना वाढला आणि बोलपट आले तेव्हा त्याच्यापाशी आवाजच नव्हता, ‘हंचबॅक’साठी त्याने ७० पौंडांचे कुबड पाठीवर वागवले, आंधळा डोळा दाखवण्यासाठी अंड्याच्या आतला पापुद्रा बुबुळावर चिकटवला, नाकात तारांचे आकडे अडकवून नाक वर ओढले, हात नसलेल्या माणसाच्या भूमिकेसाठी पायांनी सुरे फेकण्याची विद्या शिकून घेतली, भयपटांचा हा पहिला बादशहा चित्रीकरणातल्या नकली बर्फाचा कण घशात रुतून मेला, आणि मरताना आपली रंगभूषेची पेटी व आपले नाव त्याने मुलाच्या स्वाधीन केले. कलेसाठी देह झिजवणे म्हणजे काय ते याच्याकडून शिकावे, हे त्याचे तात्पर्य.

या मजकुरातले सगळेच खोटे आहे असे नाही. काही वाक्यांत अर्धे सत्य आहे, एखाद्या वाक्यात तर अर्ध्याहून अधिक. त्या त्या ठिकाणी मी ते मान्य करणार आहे. हरकत आहे ती या सगळ्या तपशिलांना जोडणाऱ्या सूत्राला. चेनी मोठा का, तर त्याने यातना सोसल्या म्हणून, असे हा मजकूर सांगतो, आणि तसे सांगताना नट म्हणून, रंगभूषाकार म्हणून तो नेमके काय करीत होता हे पुसून टाकतो. या कथांचा उगमही लक्षात ठेवला पाहिजे. त्यांतल्या बऱ्याच त्याच्या हयातीतच स्टुडिओंच्या जाहिरात विभागांनी पिकवल्या होत्या. ज्याचा चेहरा दर चित्रपटात बदलतो अशा नटाची जाहिरात करायची, तर चेहरा बदलण्यामागच्या कष्टांचीच करावी लागते. पुढे १९५७ साली जेम्स कॅग्नी याने चेनीची भूमिका केलेला चरित्रपट आला आणि त्यातल्या पदरच्या गोष्टीही लोकांच्या मनात इतिहास म्हणून रुजल्या.

आधी आवाजाचा मुद्दा घेऊ, कारण त्यात खरे आणि खोटे सर्वांत जास्त मिसळलेले आहे. चेनीचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे झाला. वडील न्हावी होते. आईवडील दोघेही कर्णबधिर होते, आणि आईचे वडील जोनाथन राल्स्टन केनेडी यांनी १८७४ साली कोलोरॅडोत कर्णबधिर मुलांची शाळा स्थापन केली होती. चेनी लहान असतानाच आई संधिवाताने अंथरुणाला खिळली, तिच्या शुश्रूषेसाठी त्याची शाळा सुटली, आणि गावात दिवसभर काय घडले ते तो तिला हातवारे आणि चेहरा यांच्या आधारे करून दाखवीत असे. मूकाभिनयाचे धडे त्याला घरातच मिळाले, हे म्हणणे रास्त आहे.

मात्र यावरून तो शब्दांविना वाढला असा निष्कर्ष निघत नाही. त्याला स्वतःला उत्तम ऐकू येत होते, तो अस्खलित बोलत असे, आणि मुख्य म्हणजे १९०२ पासून पुढची सुमारे दहा वर्षे त्याने गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांमध्ये काढली. या मंडळ्या संगीत प्रहसने करीत. तिथे चेनी गात असे, नाचत असे, विनोदी भूमिका करीत असे आणि पडद्यामागची व्यवस्थाही पाहत असे. त्याची पहिली पत्नी क्लीव्हा ही त्याच वर्तुळातली गायिका. १९१३ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या एका नाट्यगृहात तिने विष घेतले. जीव वाचला, पण गळा कायमचा गेला, आणि संसारही मोडला. या प्रकाराचा बोभाटा झाला आणि त्यानंतर चेनी रंगभूमीपासून दुरावून चित्रपटांकडे वळला. म्हणजे ज्याला हा मजकूर बिनआवाजाचा माणूस म्हणतो तो तिशीपर्यंत आवाजावरच पोट भरीत होता.

त्याच्या एकमेव बोलपटाने तर या मुद्द्याचा निकालच लावला आहे. ‘द अनहोली थ्री’ ही टॉड ब्राउनिंगने दिग्दर्शित केलेली १९२५ सालची मूकपट-कथा मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओने १९३० साली जॅक कॉनवेच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा केली, आणि दोन्ही वेळा एको या शब्दभ्रमकाराची भूमिका चेनीचीच होती. हा एको म्हातारीच्या वेषात पक्ष्यांचे दुकान चालवतो आणि त्या आडून चोऱ्या करतो. बोलपटात चेनीने पाच वेगवेगळे आवाज काढले: एकोचा स्वतःचा, म्हातारीचा, बोलक्या बाहुल्याचा, पोपटाचा आणि एका मुलीचा. हे सारे आवाज माझेच आहेत असे प्रतिज्ञापत्र त्याने केले आणि स्टुडिओने त्याची जाहिरातही केली. हे प्रतिज्ञापत्र प्रसिद्धीचा भाग होते, हे उघड आहे. पण चित्रपट आज उपलब्ध आहे आणि कानांनी पडताळता येतो. त्यातला न्यायालयाचा प्रसंग जरूर पाहावा. म्हातारीच्या वेषातला एको साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे, उलटतपासणीचा मारा वाढतो आहे, आणि एका उत्तरात म्हातारीचा थरथरता स्वर निसटून खालचा पुरुषी आवाज बाहेर पडतो. ती चूक एकोची आहे, चेनीची नाही. आवाज कधी सुटू द्यायचा, किती सुटू द्यायचा आणि सुटल्यावर चेहऱ्याने तो कसा सावरू पाहायचा, याचा हिशेब ज्याच्या हाती आहे त्यालाच हे जमते. बोलपटात तो उशिरा आला हे खरे. पण त्याच स्टुडिओची नटी ग्रेटा गार्बो हिचा पहिला बोलपटही १९३० सालचाच आहे, आणि तिला कोणी बिनआवाजाची म्हणत नाही.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवतो. ‘फँटम’ची युनिव्हर्सल स्टुडिओने १९३० साली ध्वनीसह नवी आवृत्ती काढली. त्या वेळी चेनी दुसऱ्या स्टुडिओशी करारबद्ध असल्याने युनिव्हर्सलला त्याचा आवाज वापरता आला नाही, आणि इतर पात्रे बोलतात पण चेनीच्या तोंडचा शब्द ऐकू येत नाही अशी स्थिती झाली. बिनआवाजाच्या चेनीची समजूत बळावायला ही करारातली अडचणही कारणीभूत झाली असावी, असे मला वाटते.

आता कुबडाकडे येऊ. ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’ हा १९२३ सालचा चित्रपट. सत्तर पौंड म्हणजे जवळपास ३२ किलो. एवढे ओझे पाठीला बांधून माणूस कमरेत वाकून दिवसभर काम करू शकेल का, हा प्रश्न तो मजकूर पुढे पाठवणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा होता. चेनीचे चरित्रकार मायकल ब्लेक हे स्वतः व्यवसायाने रंगभूषाकार होते. त्यांच्या मते प्लास्टरच्या या कुबडाचे वजन सुमारे २० पौंड, म्हणजे नऊ किलोच्या आसपास होते. नऊ किलोही कमी नाहीत, पण ते सोसवतात आणि त्यांच्यासह हालचाल करता येते. चित्रपट पाहिला की हालचालीचे महत्त्व कळते. चेनीने केलेला कुबडा घंटावाला क्वासिमोदो देवळाच्या दर्शनी भिंतीवरच्या दगडी आकृतींमधून माकडाच्या चपळाईने उतरतो, खालच्या गर्दीला जीभ काढून वेडावतो, घंटेच्या दोराशी झोंबतो. या पात्राचा जीव त्या चपळाईत आहे. बेढब शरीर आणि चपळ चाल यांतला विरोध नाहीसा करणारे ओझे चेनीसारख्या नटाने घेतलेच नसते. जिथे जिवाला धोका होता अशा काही दृश्यांत स्टंटमन जो बोनोमो याने त्याच्या जागी काम केले, आणि त्यात चेनीला कमीपणा येण्यासारखे काही नाही.

याच चित्रपटात एस्मेराल्डाची भूमिका करणारी पॅट्सी रूथ मिलर त्या वेळी अगदी तरुण होती. चेनीने आपल्याला शिकवलेली गोष्ट तिने पुढे सांगितली आहे: नटाने स्वतः भावनेत बुडून जाणे महत्त्वाचे नाही, प्रेक्षकाला ती भावना व्हावी हे महत्त्वाचे. ज्याची ही धारणा आहे तो स्वतःला खरी वेदना झाल्याशिवाय पडद्यावर वेदना उमटत नाही असे मानणारा नट असणे शक्य नाही. फिरत्या मजकुराचे सूत्र आणि चेनीची स्वतःची शिकवण ही एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत. या सबंध प्रतिवादात मला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो तो हाच.

डोळ्याचा मुद्दा ‘द रोड टू मँडले’ या १९२६ सालच्या चित्रपटाशी निगडित आहे. त्यात चेनीच्या पात्राचा एक डोळा पांढरा पडलेला आहे. अंड्याचा पापुद्रा बुबुळावर चिकटवल्याची कथा ऐकताना अंगावर काटा येतो, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. लॉस एंजेलिसमधील दृष्टितज्ज्ञ डॉ. ह्यूगो कीफर यांच्याकडून चेनीने डोळ्यावर बसणारे काचेचे भिंग करून घेतले होते. त्या काळी दृष्टिदोषासाठी अशी भिंगे वापरणारेही फार थोडे होते; एका भूमिकेसाठी असे भिंग करून घेणे हा त्याच्या कामातला नवा शोध होता. हे भिंग सुखकारक नक्कीच नसणार. पण त्यासाठी तो तज्ज्ञाकडे गेला, मापाची वस्तू करून घेतली, ती तपासून घेतली, आणि ही सारी विचाराने केलेली कृती आहे. अंड्याच्या पापुद्र्याची कथा तीच कृती वेडाच्या भरात केल्यासारखी दाखवते.

‘फँटम’च्या नाकाविषयी मात्र मला थोडे जपून लिहिले पाहिजे. त्या चित्रपटाचे एक छायाचित्रकार चार्ल्स व्हॅन एंगर यांनी नाकातल्या तारेची आणि रक्ताचीही आठवण सांगितली आहे, आणि प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाची साक्ष मी झटकून टाकणार नाही. परंतु तो चेहरा जसा दिसतो तसा दिसण्यासाठी आकड्यांची गरज नव्हती. माशाच्या कातडीची पातळ पट्टी नाकाच्या शेंड्याला गोंदाने चिकटवून वर ओढायची आणि नाकपुड्या गडद रंगवायच्या. गालांच्या हाडांवर कापूस आणि कोलोडियन (वाळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर देऊन ती उंच करायची. दातांवर पुढे आलेली कृत्रिम कवळी बसवायची. डोक्याला टोपी घालून कपाळ उंचवायचे, कान मागे चिकटवायचे आणि डोळ्यांभोवती काळोख रंगवायचा, ही ती रीत. जखम झाली असेल तर ती या रीतीतला अपघात होती. जखम म्हणजे रीत नव्हे.

हे रंगवणे कशासाठी होते, हेही समजून घ्यायला हवे. त्या काळातली बहुतेक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. चेहऱ्यावरचा लाल रंग पडद्यावर काळा उमटे, आणि निळे डोळे पांढरट दिसत. म्हणजे डोळ्यांना जे दिसते त्यावर विसंबून रंगभूषा करून भागत नसे, फिल्मला काय दिसेल ते मनात धरून रंग निवडावा लागे. १९२६-२७ च्या सुमारास सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म आणि नवे दिवे सर्रास वापरात येऊ लागले तसे हे गणित पुन्हा बदलले, आणि चेनीने आपली पद्धतही बदलली. फोम रबराचे तयार अवयव तेव्हा नव्हते, ते पुढच्या दशकातले. नटाने स्वतःची रंगभूषा स्वतः करणे हा त्या काळचा सर्वसाधारण रिवाजच होता. चेनीला वेगळे काढणारी गोष्ट म्हणजे त्याची जाण. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या १९२९ साली निघालेल्या चौदाव्या आवृत्तीसाठी चित्रपटातील रंगभूषेवरचा लेख चेनीकडून लिहून घेण्यात आला. फार न शिकलेल्या माणसाला विश्वकोशाने त्या विषयाचा अधिकारी मानले, ही वस्तुस्थिती त्या फिरत्या मजकुरात एका ओळीनेही येत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

‘फँटम’मधला मुखवटा ओढण्याचा प्रसंग सर्वांनी पाहिलेला असतो. मुखवटा घातलेला फँटम ऑर्गन वाजवतो आहे, त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती गायिका क्रिस्टीन पाठीमागून येते, तिचा हात पुढे येऊन मागे जातो, पुन्हा येतो. दोघांचीही तोंडे कॅमेऱ्याकडे आहेत. मुखवटा निघतो तेव्हा तो चेहरा आधी प्रेक्षकाला दिसतो आणि क्रिस्टीनला नंतर, तो वळल्यावर. भीती दोनदा बसते ती या रचनेमुळे, आणि त्या क्षणी चेनीच्या उघड्या तोंडात आधी दिसतो तो आपण उघडे पडल्याचा धक्का. संताप मागाहून येतो. प्रदर्शनापूर्वी हा चेहरा वर्तमानपत्रांत छापून येऊ नये याची युनिव्हर्सलने काळजी घेतली होती. आज त्या चेहऱ्याचे चित्र पाहून यातनांची चर्चा करणारे त्या धक्क्याविषयी काहीच बोलत नाहीत.

हात नसलेल्या माणसाची भूमिका ‘द अननोन’ या १९२७ सालच्या, टॉड ब्राउनिंगच्याच चित्रपटातली. मजकुरातला हा दावा सरळसरळ चुकीचा आहे. पायांनी केलेली जी कामे पडद्यावर दिसतात त्यांतली बरीचशी पॉल डेस्मुक या जन्मतः हात नसलेल्या माणसाच्या पायांची आहेत. कॅमेऱ्याच्या चौकटीत वर चेनीचे धड आणि चेहरा, खाली डेस्मुकचे पाय, अशी ती जुळणी होती. सत्य असे असताना पायांचे सारे श्रेय चेनीला देणे हा डेस्मुकवर अन्याय आहे, आणि विचित्र गोष्ट अशी की तो चेनीवरही अन्याय आहे. कारण दुसऱ्याच्या पायांची हालचाल आपल्या खांद्यांशी, मानेशी, नजरेशी इतकी मेळवायची की पाहणाऱ्याला सांधा दिसू नये, हे काम पाय वापरायला शिकण्यापेक्षा सोपे नाही.

या चित्रपटातल्या अलोन्झोला प्रत्यक्षात हात आहेत. गुन्हा लपवण्यासाठी तो ते बांधून ठेवतो आणि सर्कशीत बिनहाताचा कसबी म्हणून वावरतो. एका प्रसंगी त्याचे हात मोकळे आहेत, तरी विचारांच्या तंद्रीत तो सवयीने पायानेच सिगारेट ओढू लागतो, आणि त्याचा साथीदार ते पाहून हसतो. तुला हात आहेत हे तू विसरलास, असे तो म्हणतो, आणि त्या क्षणी अलोन्झोच्या चेहऱ्यावर एक भयंकर कल्पना उगवताना दिसते. ज्या नॅनॉनवर त्याचे प्रेम आहे तिला पुरुषांच्या हातांचा तिटकारा आहे. तेव्हा हात खरोखरच कापून टाकावेत, ही ती कल्पना. तो तसे करतो, परत येतो, आणि तोवर नॅनॉनचा तिटकारा जाऊन ती दुसऱ्याच्या मिठीत सुखावलेली असते. हे कळल्यावर चेनी हसू लागतो. हसू वाढत जाते, त्याचे रडणे होते, रडण्याचा पुन्हा आक्रोश होतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर ना कापूस आहे, ना तार, ना भिंग. नॅनॉनची भूमिका जोन क्रॉफर्डची होती, आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहणे आणि अभिनय करणे यांतला फरक आपल्याला चेनीकडे पाहून कळला, अशा अर्थाचे तिने पुढे अनेकदा सांगितले.

मजकूर ज्याचा उल्लेखही करीत नाही अशी एक भूमिका आहे, आणि देह झिजवण्याचे बोलायचे तर खरा आधार तिथेच मिळतो. १९२० सालच्या ‘द पेनल्टी’मध्ये चेनी ब्लिझार्ड या गुन्हेगारांच्या म्होरक्याची भूमिका करतो, लहानपणी डॉक्टरच्या चुकीने त्याचे दोन्ही पाय गुडघ्यांवर कापले गेले आहेत. चेनीने पाय मागे दुमडून पट्ट्यांनी बांधले, गुडघ्यांवर चामड्याच्या खोळी चढवल्या आणि त्यांवर तो चालला. त्याने रक्तप्रवाह रोखला जाई आणि पट्टे थोड्या थोड्या वेळाने सोडावे लागत. हे दुखत होते, याविषयी शंका नाही. पण चित्रपट पाहताना त्या दुखण्याची आठवण होत नाही, आणि होऊ नये यासाठीच तर सारी खटपट होती. लक्षात राहतो तो भिंतीतल्या खुंट्यांना धरून केवळ हातांच्या बळावर वर चढणारा आणि खिडकीतून बाहेर डोकावणारा माणूस. त्याहूनही लक्षात राहतो तो पियानोचा प्रसंग: ब्लिझार्डला संगीताचे वेड आहे, पण पायपट्ट्या दाबायला पाय नाहीत, म्हणून एक तरुणी खाली बसून हातांनी त्या दाबते आणि तो वाजवतो. ती कुठे चुकते, कुठे नेमकी साधते, हे तो तिच्याकडे न पाहता जाणतो. या माणसाचा दरारा, त्याची भूक आणि त्याचे परावलंबन हे सारे एका कृतीत सामावले आहे.

‘भयपटांचा पहिला बादशहा’ या बिरुदाविषयी थोडक्यात सांगतो. चेनीने दीडशेहून अधिक चित्रपटांत काम केले आणि त्यांतले बहुसंख्य नष्ट झाले आहेत. भयपट म्हणता येतील असे त्यांत मोजकेच. त्यांतला ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ १९६५ साली मेट्रोच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेला असे मानले जाते, आणि त्याच्या कथेतही पिशाच्च शेवटी खोटे निघते. तो गुन्हा उकलण्यासाठी रचलेला बनाव असतो. भयपटांचा प्रवाह म्हणून जो ओळखला जातो तो युनिव्हर्सलच्या १९३१ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि तोवर चेनी हयात नव्हता. त्याच्या कामातला मोठा वाटा मेलोड्रामांचा, गुन्हेकथांचा आणि विफल प्रेमाच्या कथांचा आहे. मेट्रोने निर्माण केलेला पहिला चित्रपट ‘ही हू गेट्स स्लॅप्ड’ हा १९२४ चा. त्यात तो संशोधन आणि बायको दोन्ही लुबाडली गेल्यावर सर्कशीत थपडा खाऊन लोकांना हसवणारा विदूषक झालेला शास्त्रज्ञ आहे. आणि मेट्रोमधला त्याचा सर्वांत यशस्वी ठरलेला चित्रपट ‘टेल इट टू द मरीन्स’, १९२६ सालचा. त्यात तो एका खडूस पण मायाळू सार्जंटच्या भूमिकेत आहे, स्वतःच्या चेहऱ्यानिशी, कसलीही वेगळी रंगभूषा न करता. या भूमिकेमुळे अमेरिकेच्या मरीन दलाने त्याला मानद सदस्यत्व दिले. वेषांतराविना चेनी काहीच नव्हता, अशी समजूत असणाऱ्यांनी हा चित्रपट आवर्जून पाहावा.

मुळात तो या टप्प्यावर चढला ते हळूहळू. युनिव्हर्सलमध्ये त्याने शंभरच्या आसपास लहानमोठ्या भूमिका केल्या. पगारवाढ मागितली तेव्हा तुझी किंमत आठवड्याला १०० डॉलरच्या वर कधीच जाणार नाही, असे तिथल्या व्यवस्थापकाने आपल्याला सुनावल्याचे तो सांगत असे. तो बाहेर पडला. १९१९ च्या ‘द मिरॅकल मॅन’मध्ये अपंगत्वाचे सोंग घेणाऱ्या भामट्याच्या भूमिकेने त्याचे नाव झाले, आणि ‘हंचबॅक’साठी त्याच युनिव्हर्सलने त्याला आठवड्याला २,५०० डॉलर दिले. यातला कोणताही टप्पा जखमांनी गाठलेला नाही.

मृत्यूची कथा सर्वांत जास्त पसरलेली आहे. १९२९ च्या सुरुवातीला ‘थंडर’ या आगगाडीच्या चालकाविषयीच्या चित्रपटाचे चित्रीकरण विस्कॉन्सिनमधल्या कडाक्याच्या थंडीत झाले. तिथे चेनी आजारी पडला आणि न्यूमोनिया झाला. त्या काळी पडद्यावरच्या बर्फासाठी मक्याचे पोहे रंगवून उडवीत, हे खरे आहे. त्यांतला एक कण घशात रुतला, जखम चिघळली आणि तिचाच पुढे कर्करोग झाला, असे सांगितले जाते. १९२९ च्या अखेरीस डॉक्टरांनी केलेले निदान श्वासनलिकेच्या, म्हणजे फुप्फुसाच्या कर्करोगाचे होते. चेनी अनेक वर्षे भरपूर सिगारेट ओढत असे. फुप्फुसाचा कर्करोग एका कणाने काही महिन्यांत होत नाही. त्याला वर्षे लागतात आणि तंबाखू हे त्याचे सर्वांत मोठे ज्ञात कारण आहे. १९३० मध्ये ‘द अनहोली थ्री’ पुरा झाल्यावर प्रकृती ढासळली आणि २६ ऑगस्ट १९३० रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, घशातल्या रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. पाच आवाजांचा तो बोलपट प्रदर्शित होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. अंत्यविधीला मरीन दलाची मानवंदना होती. नकली बर्फाची गोष्ट सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. पण ती गोष्ट एका सामान्य, टाळता येण्याजोग्या रोगाला कलेच्या वेदीवरचे बलिदान ठरवते, आणि वाचणाऱ्यांत सिगारेट ओढणारे अनेक असतात.

उरली ती पेटी आणि नाव. वडिलांनी मृत्युशय्येवर रंगभूषेच्या पेटीवरच्या आपल्या नावापुढे ‘ज्युनियर’ लिहून ती मुलाला दिली, हा प्रसंग १९५७ च्या चरित्रपटातला आहे, चेनीच्या आयुष्यातला नाही. ती पेटी लॉस एंजेलिस काउंटीच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेली. मुलाचे नाव क्रेटन. त्याने नट व्हावे ही वडिलांची इच्छा नव्हती, आणि त्यांच्या हयातीत तो चित्रपटांत आलाही नाही. १९३२ पासून तो क्रेटन चेनी या स्वतःच्या नावाने भूमिका करू लागला, त्या नावाने कामे मिळेनात, आणि १९३५ मध्ये त्याने लॉन चेनी ज्युनियर हे नाव घेतले. उपासमारीने मला ते घ्यायला लावले, असे तो कडवटपणे सांगत असे. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मधला त्याचा प्रसिद्ध चेहराही त्याने स्वतः केलेला नाही. तो जॅक पिअर्स या रंगभूषाकाराचा आहे, कारण तोवर हॉलीवूडमध्ये रंगभूषाकारांची संघटना उभी राहिली होती आणि आपला चेहरा आपण रंगवण्याची मुभा नटांना उरली नव्हती.